कापवाल्या बाई आणि स्फटिकधारी पेशी

वनस्पतिशास्त्र विभागात त्यांना सगळे कापवाल्या बाईच म्हणत. नव्या माणसाला आधी वाटे, कँटीनमध्ये भाजी चिरणाऱ्या कुणी असतील. मग तो दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत डोकावे आणि आणखीच गोंधळे. खिडकीपाशी ताठ बसलेल्या बाई, उजव्या हातात वस्तरा, डाव्या हातात गाजराचा तुकडा. गाजराला मधोमध चीर दिलेली असे, चिरेत एखाद्या पानाची पट्टी किंवा देठ उभा खोचलेला असे, आणि बाई ओल्या वस्तऱ्याने त्याचे काप घेत. काप इतके पातळ, की काचेच्या वाटीतल्या पाण्यात उतरले की दिसेनासे होत. बाई बारीक ब्रशने पाण्यातून जणू काहीच नाही ते उचलत आणि काचेच्या पट्टीवर ठेवत. मायक्रोस्कोपखाली मात्र त्या काहीच नाहीमध्ये अख्खं गाव वसलेलं असे.

बाई इथे लागल्या त्या बाटल्या धुवायला. दहावीनंतर शिक्षण सुटलेलं, लग्न होऊन वर्ष झालेलं, वय बावीस. जुन्या बाटल्यांवरची लेबलं इतर बायका नखाने खरवडून काढत. बाई मात्र बाटली कोमट पाण्यात ठेवून, कडेने हलकेच सोडवत, अख्खं लेबल उतरवत आणि खिडकीच्या काचेवर वाळत चिकटवत. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फाडायला जीव होत नसे, इतकंच.

तेव्हाचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते एकदा त्या खिडकीपुढे थांबले. रांगेने लावलेली सतरा लेबलं त्यांनी वाचून काढली आणि म्हणाले, "तुझा हात बघू."

बाईंनी घाबरून दोन्ही हात पुढे केले. सर ज्योतिष बघतात की काय, असं त्यांना वाटलं.

"थरथरत नाही," सर म्हणाले. "उद्यापासून बाटल्या राहू देत."

वस्तरा हाती बसायला आठ महिने गेले. बोटांना चिरा पडल्या, गाजरं तर किती वाया गेली त्याला गणती नाही. सर रागावत नसत. जाड काप पडला की नुसतं म्हणत, "ही फळी झाली. आता पान काप."

मग एके दिवशी सरांनी कांद्याचं वरचं वाळकं साल मागवलं. ते कापायची गरजच नव्हती. त्याचा नखाएवढा तुकडा त्यांनी काचपट्टीवर ठेवला, मायक्रोस्कोपला खाली एक आणि वर एक अशा दोन खास काचा बसवल्या, खोलीचे पडदे ओढले आणि बाईंना बसवलं. "वरची काच हळूहळू फिरव."

बाईंनी काच फिरवली तसा भिंगातला उजेड मावळत गेला. साल गेलं, त्याच्या विटकरी चौकटी गेल्या, सगळं काळंशार झालं. आणि त्या काळ्यात, प्रत्येक चौकटीच्या जागी एक, अशा लखलखीत कांड्या उजळल्या. पांढऱ्या, निळसर, मधेच एखादी केशरी. रात्री विमानातून शहर असं दिसत असेल, असं बाईंच्या मनात आलं. त्या विमानात कधी बसल्या नव्हत्या.

"हे काय आहे, सर?"

"स्फटिक. चुन्याचं एक लवण असतं, त्याचे."

"कांद्याच्या सालात?"

"तू रोज जे कचऱ्यात टाकतेस, त्या सालात."

बाईंनी त्या दिवशी वळणदार अक्षरात लेबल लिहिलं: कांद्याचे साल, स्फटिकमय. सरांनी ते वाचलं आणि खिशातली पेन्सिल काढून शेवटच्या दोन अक्षरांवर हलकी रेघ मारली. "मय नको. धारी लिही."

"मय छान वाटतं, सर."

"वाटतं खरं. पण मय म्हणजे तेच ते, आरपार तेच. साखरेचा खडा स्फटिकमय. ही पेशी जिवंत होती. तिचं तिचं पाणी होतं, भिंत होती, कामं होती. त्या सगळ्यात तिने एक स्फटिक बाळगला. बाळगणारी वेगळी, बाळगलेलं वेगळं. म्हणून धारी."

"कशाला बाळगते?"

"कुणी म्हणतं, जादा झालेला चुना कोपऱ्यात सारून ठेवते. कुणी म्हणतं, किड्यांनी खाऊ नये म्हणून. खरं सांगू, पक्कं कुणालाच माहीत नाही."

एवढा मोठा माणूस माहीत नाही म्हणतो, याचं बाईंना त्या दिवशी फार बरं वाटलं. लेबल त्यांनी नव्याने लिहिलं.

शब्द मग त्यांच्या तोंडात बसला. रबराच्या झाडाच्या पानात, पेशीच्या छतापासून देठाने लोंबणारा द्राक्षाच्या घोसासारखा खडा असतो, तोही त्यांनी पाहिला. ठिपक्याठिपक्यांच्या पानांचं जे शोभेचं झाड लोक दारात ठेवतात, त्याच्या देठात सुयांच्या जुड्या बांधून ठेवलेल्या असतात, त्याही पाहिल्या. घरी परतताना रस्त्यावरच्या कुंड्यांकडे त्यांचं लक्ष जाई. ही धारी, हीपण धारी. कुंड्यांची मालकीण दारात उभी असली तर बाई नुसतं हसून पुढे जात. उगाच कुणाच्या झाडाची गुपितं का फोडा.

घरात तिघं. बाई, त्यांचे यजमान आणि यजमानांची थोरली बहीण. यजमान कोट शिवत. मितभाषी माणूस, तोंडात नेहमी दोन-चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं तसंही अवघडच. बहिणीने लग्न केलं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढून ती निवृत्त झाली होती. बाई तिला वन्सं म्हणत. वन्संचा आवाज स्वच्छ, उच्चार कोरीव, आणि जीभ अशी की समोरच्याने सावरून बसावं. भावजयीच्या नोकरीबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "जगात लोक जाड काप करून खातात, ही पातळ करून फेकते. आणि याचा पगार मिळतो."

शब्द घरात रुळला तो यजमानांच्या मूतखड्यामुळे. तीन दिवस कळा सोसून चौथ्या दिवशी खडा पडला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तो गाळून काड्यापेटीत ठेवला होता. तपासणीचा कागद आला, तो बाईंनी वाचला आणि पुन्हा वाचला. तेच लवण. कांद्याच्या सालातलं.

"अहो," त्या यजमानांना म्हणाल्या, "तुम्ही स्फटिकधारी झालात."

यजमानांनी टाचण्या काढून विचारलं, "म्हणजे बरं की वाईट?"

"उरलेला खडा कॉलेजात नेऊ का? दाखवायला?"

"खडाच ने," वन्सं आतून म्हणाल्या. "नाहीतर माझ्या भावालाच बरणीत घालून ठेवशील."

त्यानंतर कितीतरी महिने यजमानांना सकाळी हाक यायची, "उठा स्फटिकधारी, पाणी प्या." डॉक्टरांनी दिवसाला बारा पेले सांगितले होते आणि वन्सं ते मोजून पाजत. सर निवृत्त झाले, पुढे वारलेही. बाईंच्या खोलीतल्या खोक्यांवरचं अक्षर तेवढं तेच राहिलं.

बाई एक्कावन्न वर्षांच्या असताना एका सकाळी त्यांनी अंथरुणात उजवीकडे कूस बदलली आणि खिडकी धावत सुटली. डावीकडे, सारखी डावीकडे धावत होती, पण कुठे पोचत नव्हती. छत तिच्यामागून निघालं. पलंग पाण्यावर सोडल्यासारखा हलत होता. बाईंनी गादी घट्ट धरली. अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं जागेवर आलं, खिडकी खिडकीच्या जागी उभी राहिली, आणि बाईंना वाटलं, स्वप्नच असावं.

पण ते पुन्हा झालं. मान वर केली की, खाली वाकलं की, कूस बदलली की. मधल्या वेळात चक्कर नसे, पण जमीन पायाखाली कापसासारखी वाटे. सगळं थोडं दूर गेलेलं, आवाजसुद्धा. यजमानांचं शिलाई यंत्र शेजारच्या खोलीत चालू असे आणि ते नदीपलीकडून येतंय असं बाईंना वाटे. डोळे मिटले की कधी कधी तो जुना अंधार येई आणि त्यात कांड्या उजळत. भीती वाटायला हवी होती. वाटेही. पण तिच्या कडेकडेने एक गुंगीही असे, ती मात्र बाईंनी कुणाला सांगितली नाही.

गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या. त्यांनी झोप वाढली, चक्कर तिथेच. कानाच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली ती पुढच्या गुरुवारची. आणि सोमवारी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती. विद्यार्थी साठ. प्रत्येकापुढे ताजी काचपट्टी ठेवायची, कारण नुसत्या ग्लिसरिनमध्ये ठेवलेले काप फार टिकत नाहीत.

हल्लीच्या विभागप्रमुख मॅडम चांगल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "बाई, तुम्ही आराम करा. आम्ही पडद्यावर फोटो दाखवू."

"फोटोत काच फिरवता येत नाही, मॅडम," बाई म्हणाल्या. "शनिवारी येते मी."

"जिना कोण चढवणार?" फोन ठेवल्यावर वन्संनी विचारलं.

"हळूहळू चढेन."

"हळूहळू पडशील. मी येते."

शनिवारी कॉलेज बंद होतं. रखवालदाराने दार उघडून दिलं. वन्संनी बाईंचा दंड धरला आणि एकेक पायरी मोजत वर नेलं. त्या मोठ्याने मोजत होत्या, एक्स्चेंजमध्ये नंबर सांगावा तशा, प्रत्येक आकडा सुटा. बेचाळीस पायऱ्या झाल्या.

कापायला अडचण नव्हती. भिंतीवरच्या एका खिळ्यावर नजर लावून मान ताठ ठेवली की सगळं स्थिर असे. वस्तरा बाईंच्या हाताला पाठ होता. वन्संनी आधी ते पाहून डोळे मिटले, मग एक उघडला. "बोट जाईल तुझं."

"आता नाही जात."

खरी अडचण मायक्रोस्कोपची. भिंगावर वाकलं की खोली फिरायला लागे. घेतलेला प्रत्येक काप तपासायला तर हवा. स्फटिक नसलेला काप विद्यार्थ्यापुढे गेला तर त्याने बिचाऱ्याने काय लिहायचं?

"वन्सं," बाई म्हणाल्या, "तुम्ही बघा. दिसेल ते सांगा, मी ओळखते."

वन्संनी पडदे ओढले, चष्मा काढला आणि स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत त्या या खोलीत पहिल्यांदाच आल्या होत्या. बाईंनी सांगितली तशी त्यांनी वरची काच फिरवली. आणि मग ती मागेपुढे फिरवतच राहिल्या.

"दिसतंय का?" बाईंनी विचारलं.

"थांब जरा," वन्सं म्हणाल्या. आवाज निराळाच होता.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि सांगावं ते वन्संनीच. तीस वर्षं नुसत्या आवाजावर काम केलेली बाई. "मध्याच्या जरा वर, उजवीकडे. बारीक सुया. सत्तर-ऐंशी असतील. पेंढी बांधल्यासारख्या एकत्र. दोन्ही टोकं अणकुचीदार."

"धारी," बाई खिळ्याकडे बघत म्हणाल्या. "लेबलावर आकडा लिहा."

"दुसरा. यात काही नाही. काळं आहे सगळं."

"बाजूला ठेवा."

"तिसरा. यात खूप आहेत. भरलंय नुसतं. गोल गोल दाणे चमकताहेत. हा सगळ्यात छान."

बाई जरा थांबल्या. "दाण्यावर काळी फुली दिसते का? बेरजेच्या चिन्हासारखी?"

"दिसते. प्रत्येकावर. काच फिरवली की फिरतेय."

"मग ते स्टार्च. पीठ. पुढे खायला साठवलेलं. चमकतं तेही, पण त्याला स्फटिकधारी नाही म्हणायचं."

"का? चमकतंय तर."

"झाडाला लागलं की ते विरघळवून खाता येतं. सुया तशा नाहीत. बहुतेक वेळा त्या पान गळेपर्यंत तिथेच राहतात."

वन्सं हुं म्हणाल्या. त्यांनी तो काप बाजूला ठेवला, पण पुन्हा एकदा बघून मगच. दुपार झाली. बाईंनी कापायचं, वन्संनी बघायचं, सांगायचं, लेबलावर आकडा लिहायचा, अशी लय लागली. अंधाऱ्या खोलीत वस्तऱ्याचा ओला आवाज आणि वन्संचा आवाज, एवढंच. बाईंना पुन्हा ती गुंगी आली, सगळं पाण्यावर असल्याची. चौतिसावा की पस्तिसावा काप असेल. वन्सं भिंगाला डोळा लावून होत्या आणि डोळा न काढता, त्याच सपाट आवाजात त्या म्हणाल्या,

"पलीकडच्या शहराच्या एक्स्चेंजला एक होता. रोज सकाळी सहा वाजता लाइन तपासायला फोन करायचा. मी म्हणायचे, ऐकू येतंय. तो म्हणायचा, स्वच्छ येतंय. अकरा वर्षं."

बाईंचा हात थांबला. मान मात्र त्यांनी वळवली नाही.

"बाकी काही नाही," वन्सं म्हणाल्या. "कधी पाऊस आहे का विचारायचा. कधी सर्दी झालेली कळायची. एकदा म्हणाला, तुमचा आवाज ऐकला की दिवस सरळ लागतो. मी लाइन सोडून दिली घाबरून. दुसऱ्या दिवशी पुन्हा, ऐकू येतंय, स्वच्छ येतंय. मग यंत्रं बदलली. लाइन आपोआप तपासली जायला लागली. एका सोमवारी सहा वाजले आणि फोन आलाच नाही."

"नाव काय होतं?"

"विचारलं नाही. त्यानेही नाही."

बाईंच्या जिभेवर तो शब्द आला होता, तो त्यांनी तिथेच ठेवला. काचांना लेबल लावतात, माणसांना नाही. त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला आणि पुढचा काप घेतला.

"याच्यात?" त्यांनी विचारलं.

"आहेत," वन्सं म्हणाल्या. "डाव्या कडेला दोन जुड्या. एक जरा विस्कटलेली."

साडेचारपर्यंत साठ काचा झाल्या. वर सहा जास्तीच्या. घरी यजमानांनी चहा तयार ठेवला होता. "दिवसभर काय बोलत होतात दोघी?" त्यांनी विचारलं.

"सुया मोजत होतो," बाई म्हणाल्या. वन्संनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि चहाचा कप उचलला.

सोमवारी परीक्षा पार पडली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मॅडमना विचारलं, लेबलांवर हे सुंदर आकडे कुणाचे? मॅडमनाही सांगता आलं नाही.

गुरुवारी वन्संही बरोबर गेल्या. कानाच्या डॉक्टरांनी बाईंना उंच कॉटवर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे आडवं केलं, डोकं कडेबाहेर लोंबतं. भिंत निघाली. बाईंनी डॉक्टरांची बाही धरली. "डोळे उघडे ठेवा," ते म्हणाले. त्यांनी बाईंच्या डोळ्यांच्या हालचाली पाहिल्या, भिंत थांबेपर्यंत वाट पाहिली, मग डोकं हळूहळू डावीकडे फिरवलं, मग अंगासकट कुशीवर, मग उठवून बसवलं. हेच पुन्हा एकदा.

"घाबरण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "आतल्या कानात चुन्याचे बारीक स्फटिक असतात. तोल सांभाळायला त्यांची गरज असते. तुमचे काही जागेवरून सुटून भलत्या नळीत शिरले होते. तिथे ते हलले, की मेंदूला वाटतं तुम्ही फिरताय. आत्ता त्यांना फिरवून बाहेर काढलं."

"स्फटिक," बाई म्हणाल्या. "माझ्या कानात."

"तुमच्या एकट्यांच्या नाही. माझ्या, यांच्या, सगळ्यांच्या."

बाईंना हसू आलं. कॉटवर बसल्या बसल्या त्या इतकं हसल्या की वन्संनी त्यांना धरलं. "डॉक्टर, म्हणजे आपण सगळे स्फटिकधारी."

"कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंचं हसूच थांबेना. मग वन्संनीच सांगितलं, प्रत्येक अक्षर सुटं करत. "स्फटिक-धारी. स्फटिकाचे बनलेले नव्हेत. स्फटिक बाळगणारे. बाळगणारा वेगळा, बाळगलेलं वेगळं." आणि वर, "चमकतं ते सगळंच त्यात येत नाही. पीठही चमकतं."

डॉक्टरांनी मान डोलावली. कळलं असं काही वाटलं नाही, पण वन्संना दुसऱ्यांदा विचारायचा धीर सहसा कुणाला होत नसे.

त्या रात्री बाई उजव्या कुशीवर झोपल्या. खिडकी जागची हलली नाही. शिलाई यंत्राचा आवाज शेजारच्या खोलीतूनच आला. सगळं पुन्हा जवळ आलं होतं, कडा पक्क्या झाल्या होत्या. बाईंना हायसं वाटलं, आणि अगदी थोडी, चिमूटभर, हुरहुरही. पुढच्या आठवड्यात त्या भिंगावर वाकल्या तेव्हा खोली शहाण्यासारखी उभी राहिली.

त्याच आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी त्या गाजरं पिशवीत भरत होत्या. वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उद्या सुट्टी ना कॉलेजला?"

"हो. पण मी जाणार आहे. द्राक्षवेलीची पानं आणलीत कुणीतरी. त्यात कसले स्फटिक असतात बघायचंय."

"बरी झालीस ना तू? जिना चढशील एकटी."

"चढेन," बाई म्हणाल्या. गाजरं भरून झाली, पिशवीचे बंद त्यांनी बांधले, तरी वन्सं दारातून हलल्या नाहीत. बाईंच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"बघायला मात्र कुणीतरी लागेल," त्या म्हणाल्या. "माझी नजर आता पूर्वीसारखी नाही राहिली."

"तेच म्हणत होते मी," वन्सं म्हणाल्या आणि चष्मा पुसायला आत गेल्या.

तेव्हापासून दर शनिवारी दोघी जातात. वन्सं भिंगाला डोळा लावतात, मध्य, डावी कड, उजवी कड असं क्रमाने सांगत जातात, आणि मधूनच, आवाजाची पट्टी न बदलता, त्या पलीकडच्या आवाजाबद्दल एखादी गोष्ट सांगतात. एकदा त्याच्याकडे मागे घड्याळाचे टोले ऐकू आले होते. एकदा तो लाइन तपासायची विसरून नुसता खोकत राहिला होता. बाई काप घेत राहतात. पडदे ओढलेले असतात.

"द्राक्षाच्या पानात," परवा वन्सं म्हणाल्या, "चांदणीसारखे गोळे आहेत. आणि सुयापण. दोन्ही." मग बाईंचा हात काचेकडे येताना बघून, "थांब, काढू नकोस. अजून बघतेय मी."